होल्टरची डायरी कोरी देऊ नका

महोदय,
गोदापार्कवर धावणाऱ्यांनी ‘ईसीजी नॉर्मल’वर विसंबू नये, तो जेमतेम १० सेकंदांचा असतो. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारात, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीत, होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र) २४, शक्यतो ४८ तास लावावा. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून मिनिटाला १२० किंवा अधिक गतीने सलग तीन ठोके आले, तरी ती नोंद महत्त्वाची. मात्र घामाने इलेक्ट्रोड सुटला तरी आलेख तसाच वेडावाकडा दिसतो. त्यामुळे छातीवरचे केस काढून, त्वचा पुसून कोरडी करणे आलेच. (घाईत नेमके हेच राहते.) चक्कर, धडधड कधी झाली ते डायरीत वेळेसह लिहावे. वय, हृदयाच्या भिंतीची जाडी, बेशुद्धी, घरातला अचानक मृत्यू वगैरे धरून पुढच्या पाच वर्षांतला अचानक मृत्यूचा धोका काढतात. तो ६ टक्के किंवा अधिक आला, तर आयसीडीचा, म्हणजे जीवघेणी लय शॉक देऊन थांबवणारे यंत्र शरीरात बसवण्याचा, विचार होतो.

– एक ईसीजी तंत्रज्ञ, नाशिक