गुलाबी जंगल आणि हिरवा दरवाजा

पुणे

प्रिय सुध्या,

माझी एआयकडून करून घेतलेली गुलाबी झाडांची चित्रं बघून तू विचारलंस, "फोटोशॉपमध्ये हिरव्याचा गुलाबी केला की झालं, एआय कशाला?" फोनवर वाद घातला असता, म्हणून लिहितोय.

ते रूप कोडॅकच्या एरोक्रोमचं. लष्कराला विमानातून कॅमोफ्लाज, म्हणजे झाडीत मिसळून दडवलेली सामग्री, हुडकायला लागायची ती फिल्म. जिवंत पान इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा लालपलीकडचा प्रकाश, भरपूर परतवतं; हिरवा रंग मारलेला पत्रा किंवा तोडून वाळलेली फांदी तेवढं परतवत नाही. या फिल्मवर इन्फ्रारेड लाल उमटतं, लाल हिरवं होतं आणि हिरवं निळं. निळा प्रकाश पिवळ्या फिल्टरने आधीच अडवायचा. म्हणजे झाडी किरमिजी आणि तिच्यात दडलेला हिरवा रणगाडा निळसर, उघडा पडलेला! रिचर्ड मॉस या छायाचित्रकाराने याच फिल्मवर पूर्व काँगोतलं युद्ध टिपलं, २०१३ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात ते मांडलं. आता ती बनत नाही. उरलेल्या रोलच्या किमती विचारूच नकोस.

मोबाईलच्या फोटोत इन्फ्रारेड जवळपास नसतंच, सेन्सरपुढची काच ते गाळून टाकते. फोटोशॉपला नुसता रंग बदलायला सांगितलास तर पान आणि ऑइलपेंट मारलेला दरवाजा त्याला सारखेच. एआय निदान पानाला पान म्हणून ओळखतं. पण नुसतं 'एरोक्रोम' लिहिलं की तेही आळस करतं, सगळ्यावर गुलाल उधळून मोकळं! म्हणून मी प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला लिहून द्यायच्या सूचनेत, सरळ सांगतो: जिवंत पानं किरमिजी, वाळकं गवत फिकट, हिरवा दरवाजा निळा, आभाळ गडद. आधाराला आपलाच फोटो द्यायचा आणि बदलाचं प्रमाण कमी ठेवायचं, नाहीतर आपल्या कौलारू घराचा स्विस बंगला होतो.

दरवाजा निळा आला की मी खूश. अर्थात, यंत्राने माझं ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. जंगलातली रोगट झाडं शोधायलाही एरोक्रोम वापरत. माझ्या चित्रातलं आंब्याचं झाड आतून किडलेलं असलं तरी लालबुंदच दिसणार. त्यामुळे याला 'इन्फ्रारेड फोटो' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. चित्र म्हणा की!

तुझा जुना कॅमेरा चालू आहे ना? मग रेडस्केल कर. अंधारात रोल उलटा भरायचा. प्रकाश मागून शिरून आधी फिल्मच्या लाल टिपणाऱ्या थराला भिडतो, म्हणून फोटो लाल-नारिंगी येतात. ४०० आयएसओचा (प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) रोल १०० चा समजून एक्स्पोज कर, नाहीतर काळपट येईल. स्कॅन आणि त्याच जागेचे मोबाईलवरचे साधे फोटो दोन्ही पाठव. साध्यावरून मी एआयकडून रेडस्केल करून घेतो, मग भांडू.

तुझा,
मिल्या