‘पाण्याला दम लागलाय’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुम्ही आमच्या सांडपाण्याच्या टाकीपाशी पहिल्यांदा आलात, तेव्हा मी तुम्हाला थेट वाळूच्या फिल्टरकडे नेलं होतं. महिन्यात तीनदा तुंबलेला तो फिल्टरच गुन्हेगार, अशी माझी खात्री होती. तुम्ही तिकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. मागच्या टाकीचं झाकण उचललंत, वास घेतलात आणि म्हणालात, “वाळूवर कशाला राग काढताय? पाण्याला दम लागलाय.”

मग विचारलंत, टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री चालू असतो का? वीज वाचवायची म्हणून मी तो रोज रात्री बंद करत होतो. हे कबूल करताना माझा चेहरा कसा झाला असेल ते तुम्हालाच ठाऊक!

त्या दिवशी तुम्ही मला जे शिकवलंत त्याबद्दल हे पत्र. घाण वाळू खात नाही, जिवाणू खातात, आणि त्यांना श्वास घ्यायला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. तो संपला की दुसऱ्याच जातीच्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं. सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनतो, पाणी काळं पडतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. हवेच्या टाकीत लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम ऑक्सिजन तरी टिकला पाहिजे, हा आकडा तुम्ही खडूने भिंतीवर लिहिलात. मी तो अजून पुसलेला नाही. उन्हाळ्यात जास्त जपा, असंही बजावलंत. 20 अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. आणि नेमकी तेव्हाच जिवाणूंची भूक वाढलेली असते.

मोठमोठे बुडबुडे उसळताना पाहून मी खूश व्हायचो. तुम्ही ते नुसतं प्रदर्शन ठरवलंत आणि तळाशी डिफ्यूझर, म्हणजे हवा सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या चकत्या किंवा नळ्या, बसवायला लावलेत. हवा तेवढीच, पण बुडबुडे लहान झाले की पाण्याला लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो, शिवाय ते वर यायलाही वेळ घेतात.

बरणीची युक्ती तर मी आता सगळ्यांना सांगत सुटतो. हवेच्या टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत घ्यायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. गाळ कापसाच्या पुंजक्यांसारखा जमून खाली बसला, वर निवळी आली, की जिवाणू मजेत आहेत. गाळ तरंगत राहिला तर काहीतरी बिनसलंय. हवेनंतर गाळ बसायला वेगळी टाकी का हवी, हे मला कुठल्याही आकृतीपेक्षा त्या बरणीनेच समजावलं. आमचं पाणी हवेच्या टाकीतून तडक वाळूवर पडत होतं. ती तुंबणार नाही तर काय!

फिल्टरचे थरही तुम्ही उपसून नव्याने रचलेत. तळाला जाडी खडी, मग बारीक खडी, वर भरड वाळू, सर्वांत वर बारीक. मी बारीक वाळू थेट नळीवर ओतली होती आणि ती नळीतच जाऊन बसली होती. वरचा चिकट थर पाहून मी अख्खी वाळू क्लोरीनने धुवायला निघालो, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. संथ गाळणीत तो थरही जिवंत असतो आणि कामाचा असतो. प्रवाह फारच मंदावला तर वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडायची, बस्स. क्लोरीन द्यायचा तो गाळून आलेल्या पाण्याला, अगदी शेवटी.

वास शोषायला घातलेल्या कोळशाच्या थरावर मात्र आपलं पटलं नव्हतं. तो कायमचा पुरेल असं मी धरून चाललो होतो. त्याची छिद्रं भरली की तो नुसता काळा दगड, हे तुमचं म्हणणं चार महिन्यांनी वासानेच खरं करून दाखवलं.

आता पाणी नितळ येतं. ते प्यायचं नाही, झाडांना आणि संडासाच्या टाकीलाच, ही तुमची ताकीद नळावर रंगवून घेतली आहे. तुम्ही मोबदला घेतला नाहीत, चहासुद्धा अर्धाच प्यायलात. ब्लोअर रात्रंदिवस सुरू आहे. कोळसा पुढच्या आठवड्यात बदलतोय, आणि या वेळी तुम्हाला फोन न करता.

तुमचा,
रात्री ब्लोअर बंद करणारा