गायरान उन्हाळ्यात नव्हे, जूनमध्ये मरते

महोदय,

पहिल्या पावसाने माळ हिरवा दिसू लागला की त्याच आठवड्यात गावची जनावरे गायरानावर सुटतात. माण, खटाव, सांगोला, कर्जत अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांतली गायराने नेमकी या दिवसांत संपतात. दोष मात्र उन्हाळ्याला दिला जातो.

बहुवर्षायू गवताचा पहिला फुटवा मुळांत साठलेल्या अन्नावर येतो. तो बोटभर असताना वारंवार खाल्ला गेला की साठा आटतो, मुळे खोल जात नाहीत आणि पावसाच्या पुढच्या खंडात ठोंब वाळतो. पवना, शेडा, मारवेल ही गवते आधी नष्ट होतात, कारण जनावर तीच निवडून खाते. मागे कुसळी उरते. तिची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात, कातडीत नि तोंडात रुततात. तीही गेली की टाकळा आणि गाजर गवत.

यावर ग्रामसभा सरसकट चराईबंदीचा ठराव करतात. हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत विळ्याने कापून न्यायची मुभा दिली, ते गोठ्यातल्या दुभत्या जनावरांना मानवते. पण दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगरांचे कळप पावसाळ्यासाठी घाटावर परततात, ते याच सुमारास. त्यांनी विळा घेऊन किती मेंढ्या जगवायच्या?

त्यापेक्षा गायरानाचे चार भाग पाडावेत. एक भाग गवताचे बी गळेपर्यंत पूर्ण बंद; दरवर्षी भाग बदलावा, म्हणजे चार वर्षांत सगळ्या माळावर बी पडते. उरलेल्या तीन भागांत गवत वीतभर झाल्यावरच कळप सोडावा आणि चार बोटे उरले की काढून घ्यावा. साधारण दहा दिवस चराई, वीस दिवस विश्रांती. पावसाने ताण दिला तर विश्रांती वाढवावी; इथे कॅलेंडरपेक्षा गवताची उंची बघावी. वाळवून ठेवायचे गवत निम्मे फुलोऱ्यात आल्यावर कापावे. बी धरेपर्यंत थांबले तर भारा मोठा दिसतो, प्रथिने मात्र उतरलेली असतात.

उघड्या पडलेल्या जागी मारवेलचे ठोंब दीड-दोन फुटांवर लावावेत. मध्ये स्टायलो हे द्विदल चारापीक पेरावे. त्याचे बी टणक असते, म्हणून ८० अंशांच्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून घ्यावे आणि मातीत खोल गाडू नये. अशा माळावर वृक्षारोपणाचे उद्दिष्ट गाठायला गिरिपुष्पाची रोपे दाटीने लावली जातात. त्यांच्या सावलीत गवत टिकत नाही. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे कागदावर कधी येणार?

जूनमधले थांबण्याचे आठवडे भागवायला चारा लागतो. त्यासाठी काडावर युरियाची प्रक्रिया करावी. १०० किलो वाळलेल्या काडासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून प्लॅस्टिकखाली २१ दिवस हवाबंद ठेवावे. खायला देण्यापूर्वी पसरून उग्र वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि घोड्या-गाढवांना हा चारा देऊ नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाशी येईल असे कुठेही ठेवू नये. ते प्यायले तर तासाभरात विषबाधा होऊ शकते.

– कुरण विकासात काम करणारा एक वाचक, जि. सातारा