खाडीचं पाणी पहाटे तपासा, साहेब

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

मी वाशिष्ठी नदीच्या खाडीकाठी राहते. पंचवीस वर्षं कालवं फोडून घर चालवते. परवा पहाटे ओहोटीला खडपावर उतरले, तर बोई मासळ्या पाण्याबाहेर तोंडं काढून धापा टाकत होत्या. उजाडेपर्यंत काठाला मेलेल्या माशांचा पांढरा थर. एकीचा कल्ला उघडून बघितला. लालभडक असतो तो मातकट, चिकट झालेला. कालवांनाही वास. दोन पाट्या तिथंच ओतून आले.

गेल्या वर्षीही असंच झालं होतं. नमुने घ्यायला आलेल्या साहेबांनी महिन्याभरात अहवाल देतो, असा शब्द दिला. मिळाला आठ महिन्यांनी, तोही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकल्यावर. त्यात लिहिलंय, पाणी समाधानकारक.

मंत्रीमहोदय, तो नमुना पौर्णिमेच्या भर दुपारी घेतला होता. उधाणाची भरती, समुद्राचं पाणी आत चढलेलं. वर पोफळीचं वीजघर चालू, म्हणजे कोयनेचं अवजल, वीज करून सोडलेलं गोडं पाणी, तेही नदीत आलेलं. एवढ्या पाण्यात घाण पातळच होणार. पाण्यातला प्राणवायू उन्हात वाढतो आणि पहाटे सगळ्यात खाली जातो. मासे मरतात ते पहाटे! शिंपले धरायच्या पाण्यात लिटरमागे 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, हा केंद्राचाच निकष आहे. दुपारच्या दोन बाटल्यांवरून तो पाळला गेला, असं कसं ठरवता? आणि गाळ कोण तपासणार? जड धातू गाळात बसतात, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या त्याच गाळात वाढतात, आणि आमच्या पोरांच्या ताटात येतात.

माझ्या हातांची सालं निघतात. डॉक्टर म्हणतात, पाण्यात जाऊ नका. मग खायचं काय? वाडीत चाळीस होड्या होत्या, आता अकराही नसतील. मुलगा मुंबईला वॉचमन आहे. त्याच्या बापाचा पाग, फेकायचं जाळं, खुंटीला लटकतोय.

पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा 1974 चा. इतक्या वर्षांत आम्हाला एकदा तरी विचारलंत, खाडी कधी बघायची? 2019 ला मात्र गावाकडच्या खाडीकाठची बांधकामबंदी 100 मीटरवरून 50 वर आणायला सरकारला वेळ मिळाला. मेलेल्या माशांचा पंचनामा मागायला गेलं, की एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. मत मागायला येताना सगळ्यांना आमची वाडी बरोबर सापडते.

येत्या अमावास्येला पहाटे चारला माणूस पाठवा, तेव्हा ओहोटी असते. पाणी घ्या, गाळही घ्या. बाटल्या आमच्यासमोर सील करा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. होडी आमची, बॅटरीही आमची.

आपली,
खाडीकाठची एक कालववाली