सूचना : घरात लहान मूल असलेल्यांनी जरूर वाचावी

गटातल्या सर्व ताई, वहिनी आणि आजींना,

लावणी सुरू झाली नि पोरांचे तापही. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते : एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोच्या मुलाला 150. वजन अंगणवाडीत करून घ्या. आणि बाटली वाचा! 5 मिलीत कुठे 120 मिलिग्रॅम असतं, कुठे 250. थेंबांच्या औषधात तर 1 मिलीतच 100. घरातल्या चमच्याने मोजू नका. दोन डोसांत 4 ते 6 तास, दिवसात जास्तीत जास्त चारदा. वेळ कॅलेंडरवर लिहा, नाहीतर आई देते आणि आजीही देते.

अ‍ॅस्पिरिन कधीच नको. डेंग्यूचे दिवस, म्हणून आयबुप्रोफेनही डॉक्टरांना विचारूनच. गोधडीत गुंडाळू नका, पेज-पाणी थोडंथोडं पाजा.

मूल सुस्त पडलं, पाणी घेईना, लघवी थांबली, धाप लागली तर थांबू नका. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 ताप आला तरी लगेच दवाखाना. साकव पाण्याखाली जाण्याआधी, उजेडातच निघा.