वाद्यांमागच्या हातांचे आभार

ब्रिटनमध्ये १९८७ पासून ऑक्टोबर महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी पाळला जातो. त्यानिमित्त लंडनमधील आमच्या प्राथमिक शाळेत झालेल्या पश्चिम आफ्रिकी नृत्य-वादनाच्या दिवसासाठी ज्यांनी नाव न सांगता मदत केली, त्यांचे मी शिक्षिका या नात्याने मनःपूर्वक आभार मानते. ठरवलेली गाडी आलीच नाही, तेव्हा एका पालकांनी स्वतःच्या व्हॅनमधून जेंबे आणले. एकाच ओंडक्यातून कोरलेल्या, बकरीचे कातडे ताणून बसवलेल्या या वाद्यातून केवळ तळहाताची जागा आणि बोटांची ठेवण बदलून तीन वेगवेगळे नाद कसे निघतात, हे गिनीत वाढलेल्या वादकांनी मुलांची बोटे धरून दाखवले. (ढोल-ताशाच्या टिपरूंची सवय असलेल्या माझ्या हातून तिसरा नाद शेवटपर्यंत निघाला नाही.) घानाची राजधानी अक्रा येथील गा समाजाच्या तरुणांनी १९६० च्या दशकात घडवलेले क्पानलोगो नृत्य शिकवणाऱ्या आजींपुढे, एरवी कोपऱ्यात बसणारी एक मुलगी गुडघे वाकवून सर्वांत आधी उभी राहिली. दमट हवेने वाद्यांची कातडी सैल पडली, तेव्हा ती हीटरजवळ मांडून दर काही मिनिटांनी फिरवत बसलेल्या आमच्या रखवालदारांचे आभार तर त्या दिवशी मानायचेच राहून गेले होते.