अपघात विभागातल्या ‘तज्ज्ञा’ची पदवी कोण तपासतो?

संपादक महोदय,

‘आपत्कालीन वैद्यक तज्ज्ञ २४ तास उपलब्ध’ अशी पाटी आता तालुक्याच्या गावातील रुग्णालयांवरही दिसू लागली आहे. असे म्हणवून घेण्यासाठी डॉक्टरकडे नेमकी कोणती पदवी असावी लागते आणि ती नसताना पाटी लावली तर कोणावर कारवाई होते, हे फारसे कोणी विचारत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अपघातग्रस्तावर उपचार करायला तज्ज्ञच हवा, असा कायदा नाही आणि नसावाही. १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सर्वोच्च न्यायालयाने जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले आहे. प्रश्न उपचारांचा नसून दाव्याचा आहे.

तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने (जिच्या जागी आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे) २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. त्यानंतर या विषयातील एमडी आणि डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) हे सरळ मार्ग उपलब्ध झाले. परंतु त्यांच्या जोडीने खासगी रुग्णालयांत, परदेशी विद्यापीठांच्या नावाने, आयोगाच्या मान्यतेविना चालणारे अभ्यासक्रमही आले, आणि बीएएमएस, बीएचएमएस पदवीधरांनाही प्रवेश देणाऱ्या एका वर्षाच्या पदविकाही आल्या. यातून शिकलेले अनेक डॉक्टर कामात तरबेज असतात, किंबहुना रात्रपाळीचा भार बव्हंशी त्यांच्याच खांद्यावर असतो, हे मान्य करूनही तीन वर्षांची एमडी आणि एका वर्षाची पदविका या दोन्हींच्या खाली डिस्चार्ज कार्डावर ‘कन्सल्टंट, इमर्जन्सी मेडिसिन’ असाच शिक्का उमटत असेल, तर त्यातला फरक नातेवाइकांना कळायचा कसा?

या बाबतीत आजही लागू असलेले नियम म्हणजे २००२ चे वैद्यकीय आचारसंहिता विनियम. त्यातील ७.२० हे कलम सांगते की, त्या शाखेतील विशेष अर्हता असल्याशिवाय डॉक्टरने स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये. मात्र ‘विशेष अर्हता’ म्हणजे काय, याची व्याख्या तेथे नाही. १.४.२ हे कलम नावापुढे मान्यताप्राप्त पदव्याच लावायला सांगते आणि लगेच व्यावसायिक ज्ञान देणारी प्रमाणपत्रे, पदविका व सदस्यत्वे यांनाही मुभा देते. एवढ्या रुंद दारातून कोणतेही प्रमाणपत्र सहज आत शिरू शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जे नवे विनियम काढले, त्यांत आयोगमान्य प्रशिक्षण व अर्हता असल्याखेरीज तज्ज्ञ असल्याचा दावा करता येणार नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत म्हटले होते. पण जेनेरिक औषधे लिहिण्याच्या सक्तीवरून वादळ उठले आणि त्याच महिन्यात संपूर्ण विनियमच स्थगित झाले. ज्या कलमावर फारसा वाद नव्हता, तेही त्याबरोबर वाहून गेले.

त्याहून मोठी पळवाट वेगळीच आहे. हे विनियम नोंदणीकृत डॉक्टरला बांधतात, रुग्णालयाला नव्हे. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढू शकते. परंतु पाटी, संकेतस्थळ आणि वर्तमानपत्रातील जाहिरात ही रुग्णालयाच्या व्यवस्थापनाची असते आणि डॉक्टर ‘मी असा दावा केलाच नाही’ म्हणून मोकळा होतो. आयुर्वेद वा होमिओपॅथीच्या पदवीधराची नोंदणी तर वेगळ्याच परिषदेकडे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात दंडाची तरतूद आहे, पण तक्रार करायला आधी दिशाभूल झाल्याचे कळावे लागते, आणि ते बहुधा प्रकरण विकोपाला गेल्यावरच कळते. मुंबईतील एका होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच मुळात निष्काळजीपणा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बजावले होते. तोपर्यंत त्या डॉक्टरच्या रुग्णाच्या मृत्यूला काही वर्षे उलटून गेली होती.

अमेरिकेतही परवानाधारक कोणताही डॉक्टर आपत्कालीन विभागात काम करू शकतो, पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ‘बोर्ड सर्टिफाइड’ (तज्ज्ञ मंडळाने प्रमाणित) अशी जाहिरात करायची तर ते प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचे चालेल, हे कायदाच सांगतो. कामाची मुभा आणि बिरुदाचा हक्क हे दोन विषय वेगळे ठेवणे आपल्यालाही अशक्य नाही.

त्यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचीही गरज नाही. रुग्णालयांची नोंदणी व नूतनीकरण महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली महापालिका आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेमार्फत होते. नूतनीकरणाच्या वेळी अपघात विभागातील प्रत्येक डॉक्टरची परिषदेकडे नोंदलेली पदवी आणि नोंदणी क्रमांक मागवावा, तोच तपशील विभागाच्या दारावर मराठीत लावण्याची सक्ती करावी आणि नोंदलेली विशेष पदवी नसलेल्या डॉक्टरच्या शिक्क्यावर ‘वैद्यकीय अधिकारी’ एवढेच असावे. उपचार करणाऱ्याची ओळख व व्यावसायिक दर्जा जाणून घेण्याचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहेच. सार्वजनिक आरोग्य विभागाने शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत तशी दुरुस्ती करण्यास काय अडचण आहे, ते जाहीर करावे.

आपला,
ग्राहक आयोगापुढे वकिली केलेला एक वाचक, सातारा